शेवटचा रकाना



स्वागताध्यक्षानं मांडव, पाणी आणि पंगत बघावी, बोलण्याचं काम विद्वानांवर सोडावं, असं माझं मत आहे. पण परंपरेपुढे माझं चालत नाही. तेव्हा आधी आपलं सगळ्यांचं करवीरनगरीत मनापासून स्वागत करतो. जेवणात तांबडा-पांढरा आहे, शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी आहे, आणि कोणी उपाशी परत गेलं तर तो दोष सर्वस्वी माझा.

मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. माझे वडील थिएटरवर लागणारे बॅनर रंगवायचे. कापड ताणायचं, चौकटी आखायच्या आणि हातातल्या लहानशा फोटोवरून वीस फुटी चेहरा उभा करायचा, हा आमच्या घरचा धंदा. पुढं फ्लेक्स आला आणि मीही छपाईच्या यंत्राकडं वळलो. पण दिसण्याची ताकद काय असते आणि ती कुठं संपते, हे मी त्या ओल्या रंगांच्या वासात शिकलो. चित्रपट रसिक मंडळांच्या या संमेलनासाठी आपण विषयच तो निवडला आहे: चित्रपट डोळ्यांत भरतो पण मनात उतरत नाही, तेव्हा त्याला कसं जोखायचं?

एक गोष्ट आधीच सांगतो. कोल्हापुरात उभं राहून दृश्याला दुय्यम म्हणण्याची माझी छाती नाही. या गावात सिनेमा जन्मला तोच चित्रकारांच्या पोटी. कलामहर्षी बाबुराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. मग त्यांनी इथंच, स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 1920 च्या ‘सैरंध्री’त कीचकवधाचं दृश्य इतकं हुबेहूब होतं की थिएटरात माणसं भोवळ येऊन पडली आणि सेन्सॉरला कात्री काढावी लागली. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच चित्रपटानंतर. ‘सिंहगड’साठी 1923 मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची रंगीत पोस्टरं त्यांनी स्वतः रंगवली. म्हणजे माझ्या वडिलांच्या धंद्याचे ते मूळ पुरुषच.

पण हेच बाबुराव 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ करतात, तेव्हा देव, राक्षस, गडकोट सगळं बाजूला ठेवतात. कर्जात बुडालेला शेतकरी, हातची गेलेली जमीन, शहराची वाट, एवढाच ऐवज. पुढं त्यांनी हीच कथा बोलपटात पुन्हा केली. अंधारात बुडालेली एक झोपडी, लांबून घेतलेली, आणि कुत्र्याचं रडणं: बोलपटातलं हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांनी ते आयुष्यभर आठवणीत ठेवलं. ती झोपडी सुंदर नाही. पण तिच्यात कर्ज दिसतं. कीचकवध दाखवणारा माणूस पाच वर्षांत ‘सावकारी पाश’पर्यंत पोचला, याचा मला फार मोठा अभिमान वाटतो.

बाबुरावांच्या हाताखाली तयार झालेल्या शांतारामबापूंचं उदाहरण आमच्या घरातलंच म्हणायला हवं. ‘नवरंग’ पुन्हा लागला तेव्हा त्याचा बॅनर वडिलांनी रंगवला होता. रंगांचे डबे पुरेनात. मी लहान होतो, चित्रपट पाहून वेडा झालो. होळीच्या नाचात संध्याबाई एकाच वेळी बाई आणि पुरुष दोन्ही होतात, हत्ती ताल धरतो, पडद्यावर रंग मावत नाहीत. त्यानंतर काही दिवसांनी त्याच थिएटरात ‘दो आँखें बारह हाथ’ लागला. बॅनरला काळा, पांढरा आणि थोडा राखाडी एवढ्यावर काम भागलं. मी नाक मुरडत गेलो आणि बाहेर आलो तो रडवेला होऊन.

पहिला शो सुटला की वडील थिएटरच्या दारात विडी ओढत उभे राहायचे आणि बाहेर पडणारी माणसं काय बोलतात ते ऐकायचे. ‘नवरंग’चे लोक म्हणत होते, रंग काय, कपडे काय, हत्ती काय! ‘दो आँखें’चे लोक फारसं बोलतच नव्हते. घरी येताना वडील म्हणाले, “पाहुणा पंगतीतनं उठला आणि ताट-वाट्यांचं कौतुक करायला लागला, की आचाऱ्यानं काय ते समजून घ्यावं.”

दोन्ही चित्रपटांत फक्त दोन वर्षांचं अंतर. ‘दो आँखें’ 1957 चा, ‘नवरंग’ 1959 चा. दिग्दर्शक तोच, नायिका तीच. ‘दो आँखें’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना बापूंच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती परत मिळाल्याच्या आनंदात त्यांनी ‘नवरंग’ केला. अंधारातून बाहेर आलेल्या माणसानं रंग उधळले तर त्याला नावं कोण ठेवणार? मीही ठेवत नाही. पण पुढं मोठेपणी ‘नवरंग’ पाहताना एक गोष्ट लक्षात आली. त्यातला कवी आपल्याच बायकोचं नटवलेलं रूप कल्पनेत रंगवतो आणि त्या मोहिनीत इतका गुंगतो की घरातली जमुना एकटी पडते. चित्रपटाचंही नेमकं तेच झालं. तो मोहिनीवर भाळला आणि जमुनेचं दुःख सांगायचं राहून गेलं.

उलट ‘दो आँखें’ची गोष्ट आपल्या मातीतली. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला गुन्हेगारांची खुली वसाहत वसवली, त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ती लिहिली. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. त्या जेलरचे डोळे पडद्यावर मोठे होऊन दिसतात, तेव्हा ती छायालेखनाची करामत वाटत नाही. कारण तोवर त्या डोळ्यांचा धाक आपल्यालाही बसलेला असतो. 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. आटपाडीचं माळरान तिथल्या परीक्षकांनी पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांना ते डोळे कळले.

आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात, ते दृश्य आजच्या मुलाला बाहुल्यांचा खेळ वाटेल. नव्वद वर्षांत तंत्र कुठल्या कुठं गेलं. पण गौरीबाईंनी उभी केलेली तुकोबांची बायको, जिजाई, जुनी झाली नाही. देवावर चिडणारी, पोरांच्या पोटासाठी भांडणारी ती बाई आजही आपल्या वाड्यातलीच वाटते. तंत्र म्हातारं होतं, हे आपल्या स्पर्धेच्या परीक्षकांनी विसरू नये.

याचा अर्थ देखणेपणावर संशय घ्यावा असा नाही. ‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबत नाही, वाडा सतत ओला, माणसं सतत चिखलात. पण तिथला पाऊस हा शाप आहे, लोभाची ती ओल आहे. पाऊस काढून घेतला तर गोष्टच उरत नाही. 2018 मध्ये जो चित्रपट बेताचा चालला, त्याला 2024 मध्ये पुन्हा लागल्यावर आधीपेक्षा जास्त गर्दी झाली. नुसत्या देखण्या फ्रेमसाठी माणूस सहा वर्षांनी पुन्हा तिकीट काढत नाही.

आता आपल्या स्पर्धेबद्दल. विद्यार्थ्यांचे लघुपट आले आहेत. तयारी करताना मी त्यातले बरेच पाहिले. पन्हाळ्यावर ड्रोन फिरतो, रंकाळ्यावर सूर्य मावळतो, स्लो मोशनमध्ये भंडारा उडतो. जे उभं करायला बाबुरावांना वर्षं लागली, ते आज खिशातल्या मोबाइलवर होतं. म्हणूनच नुसत्या देखणेपणाचा भाव उतरला आहे. या मुलांना ‘फोटोग्राफी भारी’ एवढंच सांगून घरी पाठवलं तर आपण त्यांचं नुकसान करू. कॅमेरा धरणाऱ्याला त्याचं पूर्ण श्रेय द्या, ती मेहनत खरी आहे. पण ते श्रेय म्हणजे चित्रपटाचा निकाल नव्हे. कथा दुबळी आणि दृश्यं बलवान असतील तर दोन्ही स्पष्ट लिहा, एकाच्या गुणांनी दुसऱ्याची भरपाई करू नका. आणि उलटही. गोष्ट भिडली म्हणून गबाळी मांडणी माफ करू नका. पेंटरांच्या गावात ते चालणार नाही.

यासाठी आमच्या समितीनं एक छोटी व्यवस्था केली आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत छायालेखन, कथा, अभिनय, ध्वनी, संकलन असे नेहमीचे रकाने आहेत. शेवटचा एक रकाना आम्ही वाढवला आहे. त्यावर फक्त एवढंच छापलं आहे: ‘सकाळी काय आठवलं?’ परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, बाकीचे रकाने रात्री भरा, हा मात्र रिकामा ठेवून झोपा. सकाळी सात वाजता चहा येईल, त्याच्याबरोबर पेनही येईल.