औषधाचा अपाय आणि न्यायाची दाद

भाजी, वस्त्र किंवा भांडें विकत घेतांना गृहिणी तें दहा वेळां उलटून पाहते. परंतु गोळींत काय आहे हें पारखण्याचें साधन कोणत्याहि घरीं नसतें. औषध विश्वासानेंच घ्यावें लागतें. म्हणून त्या विश्वासाचा घात झाला असतां दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न केवळ वकिलांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे. याचें उत्तर जगास फार महाग पडलें, आणि त्याची किंमत लहान मुलांनीं दिली.

ता. १ ऑक्टोबर १९५७ रोजीं पश्चिम जर्मनींतील ग्रूनेन्थाल कंपनीनें ‘कॉन्टरगान’ नांवाचें झोपेचें औषध बाजारांत आणलें. त्यांतील मूळ द्रव्य थॅलिडोमाइड. तें अगदीं निर्धोक आहे अशी जाहिरात झाली व गरोदर स्त्रिया मळमळ थांबावी म्हणून तें घेऊं लागल्या. इंग्लंडांत डिस्टिलर्स कंपनीनें १९५८ सालीं तेंच औषध ‘डिस्टाव्हल’ या नांवानें विकावयास काढलें. पुढें हातपाय खुंटलेलीं, कांहीं डोळ्यांनीं वा कानांनीं अधू, अशीं मुलें जन्मास येऊं लागलीं. जर्मनींत डॉ. विडुकिंड लेन्झ व ऑस्ट्रेलियांत डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनीं या औषधाकडे बोट दाखविलें, आणि १९६१ च्या अखेरीस जर्मनी व इंग्लंड या दोन्ही देशांत तें मागें घेण्यांत आलें. अशा मुलांची संख्या जगभर १०,००० च्या वर गेली असा अंदाज आहे.

आईबापांनीं न्यायालयाची वाट धरली. पण ती वाट कांट्यांची निघाली. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें कंपनीचा निष्काळजीपणा वादीनें सिद्ध करावा लागे, आणि त्याचा पुरावा तर कंपनीच्याच दप्तरांत! शिवाय गर्भांत झालेल्या इजेबद्दल मुलास दावा करतां येतो कीं नाहीं, याचाहि तेथें निर्णय झालेला नव्हता. १९६२ पासून चाललेल्या दाव्यांत १९६८ सालीं तडजोड झाली ती अशी कीं, निष्काळजीपणाचा आरोप मागें घ्यावा, आणि दावा जिंकल्यास जी रक्कम मिळाली असती तिचे शेंकडा ४० पदरांत पाडून घ्यावे. तीहि फक्त ६२ मुलांपुरती. बाकीचीं शेंकडों कुटुंबें ताटकळतच राहिलीं.

१९७२ सालीं ‘संडे टाइम्स’ पत्रानें या मुलांची बाजू हातीं घेतली. दावे चालू असतां लिहूं नये म्हणून न्यायालयानें त्याच्या एका लेखास मनाई केली. परंतु लोकमत एव्हांना जागें झालें होतें. १९७३ सालीं कंपनीनें सुमारें २ कोटी पौंड देण्याचें कबूल केलें. ती मनाई अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी होती, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १९७९ सालीं दिला. जर्मनींत १९६८ सालीं उभा राहिलेला फौजदारी खटला १९७० सालीं शिक्षेविनाच बंद झाला. ग्रूनेन्थालनें १० कोटी मार्क देऊं केले. त्या कंपनीनें जाहीर क्षमा मागितली ती मात्र २०१२ सालीं. तोंवर तीं मुलें पन्नाशीस टेकलीं होतीं.

या हालअपेष्टांतून कायदा शिकला. ब्रिटनमध्यें १९७६ सालीं जन्मापूर्वीं झालेल्या इजेबद्दल मुलास दाव्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षीं जर्मनीनें असा कायदा केला कीं, औषधापासून गंभीर अपाय झाल्यास निष्काळजीपणा सिद्ध न करतांहि उत्पादक जबाबदार धरला जावा. येथें एक विवेक मात्र राखला पाहिजे. प्रत्येक औषधास कांहीं ना कांहीं अपाय असतोच. केवळ तेवढ्यानें भरपाईचा हक्क उत्पन्न होत नाहीं. थॅलिडोमाइड आजहि कुष्ठरोगांतील एका दाहावर व रक्ताच्या एका कर्करोगावर, गर्भधारणा होऊं नये याची कडक दक्षता घेऊन, दिलें जातें. म्हणजे द्रव्य तेंच. फरक आहे तो परीक्षेचा व पूर्वसूचनेचा.

भारतांतहि आतां हें तत्त्व कायद्यांत आलें आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें मालांत दोष असल्यास, अथवा वापराची योग्य सूचना व धोक्याचा इशारा दिलेला नसल्यास, उत्पादकाकडून भरपाई मागतां येते. तक्रार साधारणतः दोन वर्षांच्या आंत ग्राहक आयोगाकडे करावी लागते. भेसळीच्या वा बनावट औषधानें मृत्यु किंवा जबर इजा झाल्यास, गुन्हेगाराकडून वसूल झालेला दंड पीडितास अथवा त्याच्या नातलगांस द्यावा, अशीहि तरतूद २००८ च्या दुरुस्तीनें औषधविषयक कायद्यांत झाली आहे.

परंतु कायदा पुराव्यावांचून पांगळा. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानदाराची पावती आणि जिच्यावर उत्पादन-क्रमांक व मुदत छापलेली असते ती वेष्टणाची पट्टी, या तीन वस्तु गोळी संपतांच केरांत जातात. अपाय झाल्यावर त्याच शोधाव्या लागतात. ज्या घरांत देवघरासाठीं कोनाडा आहे, त्या घरांत या कागदांसाठीं एक डबा असण्यास हरकत नसावी. इंग्लंड-जर्मनींतील त्या मातांना जो हक्क फार उशिरां मिळाला, तो येथें वेळेवर बजावतां येईल कीं नाहीं, हें कित्येकदां त्या डब्यावरच ठरेल.