टाळ्या कलेला, टवाळी माणसाला
(भिलाई येथील भाषणाचा मजकूर)



भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवतीच्या खेड्यांत रात्र रात्र ‘नाचा’ रंगतो. त्यातील ‘परी’ परंपरेने पुरुषच असतो. महाराष्ट्राच्या तमाशात नाच्या असतो. प्रेक्षक रात्री टाळ्या देतात आणि पहाटे त्याच माणसाला हिणवतात. कोल्हापूरचे गणपत पाटील चित्रपटांत नाच्या साकारून गाजले. २००८ साली निधन पावलेल्या या संसारी नटाला त्या भूमिकेचा शिक्का जन्मभर सोसावा लागला.

नुसत्या भूमिकेची ही शिक्षा, तर खरोखर समलिंगी असलेल्या कलावंताची काय गत? दक्षिण कोरियातील अभिनेते होंग सोक-चॉन यांनी २००० साली आपले समलिंगी असणे जाहीर केले आणि दूरचित्रवाणीवरील त्यांची कामे गेली. नीतीच्या नावाने हिरावली गेली ती भाकरीच.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले. २०२१ मध्ये छत्तीसगड पोलीस दलात १३ तृतीयपंथीयांची शिपाई म्हणून निवड झाली. परंतु भट्टीवरची, कँटीनमधली टवाळी निकालपत्राने थांबत नाही. ती थांबवणे हे युनियनचे काम आहे. जो कामगार सहकाऱ्यांच्या हशाला भिऊन गप्प राहतो, तो व्यवस्थापनापुढेही एकटाच उभा राहतो. आणि तिथे एकजूट फुटते.