रानघोड्यांचा कोंडवाडा

(अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील रानघोड्यांवर समाजवादी अभ्यासवर्गात एक अख्खे भाषण कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माणसांचे प्रश्न सुटलेले नसताना जनावरांची चिंता वाहणे हा रिकामपणाचा उद्योग वाटू शकतो. परंतु हा प्रश्न घोड्यांचा जितका आहे त्याहून अधिक जमिनीचा आहे. सार्वजनिक मालकीच्या भूमीवरचे गवत कोणी खायचे, आणि ते कोणी ठरवायचे, हा त्याचा गाभा आहे. आपल्या गावच्या गायरानाची वाताहत ज्यांनी डोळ्यांदेखत पाहिली आहे त्यांना तो परका वाटू नये.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत सरकारी मालकीच्या अफाट जमिनी आहेत. त्यांपैकी सुमारे साडेचोवीस कोटी एकर एकट्या 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या केंद्रीय खात्याकडे आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा मुलूख. बराचसा रूक्ष, खुरट्या झुडपांचा. जेथे झरा तेथेच जीव, अशी स्थिती. खासगी मालमत्तेचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशात एवढी जमीन कागदोपत्री जनतेची आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

या भूमीवर मस्टँग नावाचे रानघोडे आणि रानगाढवे राहतात. घोडा हा मुळात उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झालेला प्राणी. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तेथून नाहीसा झाला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश स्वाऱ्यांबरोबर परतला. मागाहून लष्कराने, खाणवाल्यांनी आणि पशुपालकांनी सोडून दिलेली जनावरे या कळपांत मिसळली. विसाव्या शतकात त्यांचे मांस कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यात जाऊ लागले, तेव्हा विमानांतून व मालमोटारींतून पाठलाग करून त्यांची सर्रास कत्तल झाली. १९५० मध्ये नेवाडा राज्यातील वेल्मा जॉन्स्टन ही बाई कामावर जात असता तिला पुढील मालमोटारीतून रक्त ठिबकताना दिसले. आत घोडे कोंबलेले होते. एका कचेरीत काम करणाऱ्या या साध्या स्त्रीने त्यानंतर लढा उभारला. शाळकरी मुलांच्या पत्रांचा पाऊस काँग्रेसवर पडला. १९५९ मध्ये सार्वजनिक जमिनीवर विमाने व मोटारी वापरून घोड्यांची शिकार करण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने रानघोडे व रानगाढवे यांना संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. लोकशक्तीचा हा विजय होता, यात शंका नाही.

विजयानंतर काय होते, हे मात्र चळवळीतल्या माणसांनी बारकाईने पाहावे. पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, काँग्रेसने घोडे पकडण्यासाठी हेलिकॉप्टर वापरण्यास मुभा दिली. १९७८ मध्ये 'जास्तीची जनावरे' या शब्दाला कायद्यात व्याख्या मिळाली आणि ती हटवण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या खात्याने रक्षण करायचे, त्याच्याच हाती हाका उठवण्याचे काम आले.

हा हाका असा असतो. कंत्राटदाराचे हेलिकॉप्टर मैलोन्मैल कळपामागे उडते. दोन्ही बाजूंनी जाळ्यांच्या भिंती आकसत जातात आणि शेवटी लोखंडी कठडा असतो. तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात. तो ठरलेल्या वाटेने आत धावतो आणि भेदरलेला कळप त्याच्या मागे जातो. या घोड्याला तेथे 'जुडास' म्हणतात. (घरभेद्यासाठी प्रत्येक भाषेत एक नाव राखून ठेवलेले असते.) आत गेल्यावर नर, माद्या व शिंगरे वेगळी केली जातात, मानेवर गोठवलेल्या डागणीने क्रमांक उमटवला जातो, नरांचे खच्चीकरण होते.

खात्याच्या मते या साऱ्या भूमीला सुमारे साडेपंचवीस हजार घोडे-गाढवे पुरेत. १९७१ मध्ये, जेव्हा हे प्राणी नाहीसे होत आहेत म्हणून काँग्रेस हळहळली, तेव्हाचा अंदाजही जवळजवळ तेवढाच होता. तेव्हाची धोक्याची संख्या आता आदर्श संख्या झाली आहे. २०२० मध्ये रानात सुमारे पंच्याण्णव हजार जनावरे होती. मोठ्या प्रमाणावर धरपकड झाल्यावर २०२५ मध्ये ती त्र्याहत्तर हजारांवर आली. पकडलेली साठ हजारांच्या घरात जनावरे सरकारी खर्चाने सांभाळली जात आहेत. आपल्याकडे कोंडवाड्यात गेलेले गुरू दंड भरून सोडवता येते. या घोड्यांना धनी नाही आणि दंड भरणारा कोणी नाही, म्हणून बहुतेकांचा मुक्काम मरेपर्यंतचा. कोलोरॅडोतील कॅन्यन सिटी येथे २०२२ मध्ये साथ आली आणि काही आठवड्यांत १४० हून अधिक घोडे दगावले. २०१९ पासून घोडा दत्तक घेणाऱ्यास एक हजार डॉलर देण्याची योजना निघाली. असे घोडे कत्तलीच्या बाजारात पोहोचत असल्याचे २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने योजना रद्द केली.

आता गवताचा हिशेब. गुरे व मेंढ्या चारण्यासाठी याच खात्याची सुमारे साडेपंधरा कोटी एकर जमीन परवान्याने दिली जाते. घोड्यांसाठी राखलेली जेमतेम अडीच कोटी, आणि तीतही बहुतेक ठिकाणी गुरे चरतातच. १९७१ मध्ये घोडे होते अशा कोट्यवधी एकरांवरून त्यांना मागाहून साफ हटवण्यात आले. एका गायीला वासरासह महिनाभर चारण्याचा सरकारी दर २०१९ ते २०२५ या काळात १.३५ डॉलर होता; खासगी कुरणात तेवढ्याच चराईला वीस डॉलरांहून अधिक पडतात. उलट पकडलेला घोडा ओक्लाहोमा किंवा कॅन्सासमधील खासगी कुरणात ठेवण्यासाठी सरकार मालकाला दररोज सुमारे दोन डॉलर वा त्याहून अधिक देते, म्हणजे महिन्याला साठ. जनतेचे गवत १.३५ डॉलरात विकायचे, त्या गवतावरून घोडा उचलायचा आणि साठ डॉलर मोजून त्याला खासगी गवत घालायचे! याला जमीन-व्यवस्थापन म्हणतात.

घोड्यांचे कैवारी मात्र एक सत्य अनेकदा नजरेआड करतात. हे कळप वर्षाला पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढतात, चार-पाच वर्षांत दुप्पट होतात. अवर्षणात झरे तुडवले जातात, गवताची मुळे उखडतात आणि शेवटी घोडेच तहानेने मरतात. निसर्ग आपोआप तोल सांभाळील, हा भाबडेपणा झाला. परंतु राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१३ च्या अहवालाने आणखी एक गोष्ट दाखवली: धरपकडीमुळे उरलेल्यांना चारा भरपूर मिळतो आणि वाढीचा वेग चढाच राहतो. संख्येच्या मर्यादा कशा ठरवल्या याचा उलगडा होत नाही, असेही तिने सुनावले आणि संततिप्रतिबंधक लशीचा मार्ग सुचवला. पूर्व किनाऱ्यावरील ॲसाटीग बेटावर घोड्यांना दुरून सुईबाण मारून ती लस १९९० च्या दशकापासून दिली गेली. त्या मार्गात कंत्राटदाराला फारसे काही मिळत नाही.

आणि तरीही मुख्य प्रश्न राहतोच. ही जमीन 'जनतेची' झाली कशी? नेवाडातील मोठा भूभाग वेस्टर्न शोशोनी या आदिवासी राष्ट्राचा. १८६३ च्या रूबी व्हॅली करारात त्यांनी गोऱ्यांना वाट दिली. जमीन विकली नाही. मेरी आणि कॅरी डॅन या शोशोनी बहिणी आपल्या पूर्वजांच्या कुरणावर गुरे-घोडे राखत. परवाना घेण्यास त्यांनी नकार दिला म्हणून १९७४ मध्ये सरकारने त्यांच्यावर अतिक्रमणाचा दावा लावला. १९७९ मध्ये भरपाई म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या भावाने सुमारे दोन कोटी साठ लाख डॉलर सरकारने आपल्याच खजिन्यात शोशोनींच्या नावे जमा केले. शोशोनींनी ते नाकारले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, पालक या नात्याने सरकारने स्वतःच ते स्वीकारले, तेव्हा रक्कम पोचली!

२००२ मध्ये खात्याने या बहिणींची दोनशेहून अधिक गुरे जप्त केली, पुढल्या वर्षी घोडे नेले. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने अमेरिकेला दोषी ठरवले होते. त्याची पर्वा कोणी केली नाही. याच राज्यात क्लायव्हन बंडी या गोऱ्या पशुपालकाने १९९३ पासून चराईचा दर भरला नव्हता आणि थकबाकी दंडासह दहा लाख डॉलरांवर गेली होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये खाते त्याची गुरे उचलू लागले, तेव्हा बंदुका घेऊन माणसे आडवी आली. खात्याने पकडलेली गुरे सोडून दिली.

मेरी डॅन २००५ मध्ये वारल्या. कॅरी डॅन १ जानेवारी २०२१ रोजी गेल्या. त्या वर्षीही नेवाडात घोड्यांवर हेलिकॉप्टरे उडाली.