घराजवळचा परदेश

देशाटनाचे फायदे शाळेंतल्या निबंधापासून सर्वांच्या कानांवर पडत आलेले आहेत. मुलूख पाहावा, माणसें पाहावींत, चार नव्या चालीरीति कळाव्यात म्हणजे मन मोठें होतें, असें सांगतात. आणि तें खरेंही आहे. परंतु त्या निबंधांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. परका मुलूख आपण होऊन कांहींच बोलत नाहीं. इमारती दिसतात, बाजार दिसतो, डोंगर दिसतात. पण दार उघडून ‘या, बसा’ म्हणणारें कोणी नसेल, तर प्रवासी रस्त्यावरचा रस्त्यावरच राहतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८८३ सालच्या एप्रिल महिन्यांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीची सोबत नसतां त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. गोपाळराव जोशी यांचें एक पत्र तिकडील मासिकांत छापून आलें होतें. तें कार्पेंटर नांवाच्या एका बाईंच्या वाचनांत आलें आणि त्यावरून पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पत्रांच्या बळावर न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवीं आनंदीबाईंना दुसरें माहेर मिळालें. १८८७ सालीं त्या पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यांत आली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत तिला जागा मिळाली. परमुलखांतील स्नेह्याची मजल कोठवर जाते, याचें याहून मोठें प्रमाण शोधावयास नको.

ही झाली सातासमुद्रांपलीकडची गोष्ट. पुढील हकीकत तिच्या मानानें फार लहान आहे. ती गोंदिया शहरांतील एका साध्या कुटुंबाची आहे, आणि तिच्यांतला परदेश सकाळच्या गाडीनें निघून दुपारच्या आंत गांठतां येतो.

कुटुंबप्रमुख एका राईस मिलमध्यें कारकून. घरांत त्यांची वृद्ध आई, पत्नी, सातवींत शिकणारी मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. ‘एकदां परदेश दाखवीन’ असा शब्द त्यांनीं मुलांना दिला होता. निदान नेपाळ तरी पाहावें, एवढीच त्यांची झेप होती. दोन वर्षें पै पै करून कांहीं रक्कम सांठली. पण तेवढ्यांत आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदु पिकला आणि ती रक्कम तिकडे खर्च झाली. मुलीनें तक्रार केली नाहीं. भिंतीवर टांगलेला नकाशा मात्र तिनें उतरवून गुंडाळून ठेवला. वडिलांना तक्रारीपेक्षां ती गुंडाळी अधिक लागली.

त्या सुमारास त्यांच्या घरीं एक तिबेटी स्नेही आला. हा गृहस्थ दरसाल थंडीच्या दिवसांत गोंदियास लोकरी कपड्यांचें दुकान मांडीत असे. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका अवकाळी पावसांत त्याचे गठ्ठे भिजूं लागले, तेव्हां या कारकुनानें ते उचलून आपल्या ओसरीवर ठेवूं दिले होते. तेव्हांपासून दर हिवाळ्यांत एकमेकांकडे चहा होई. नकाशाची हकीकत ऐकून तो हंसला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, पोरांना परदेशच दाखवायचा ना? मग आमच्या गांवाला या. लोसार आहे, आमचें नवें वर्ष.’’

त्याचें गांव म्हणजे नोरग्येलिंग. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, प्रतापगड व गोठणगांव यांच्या परिसरांत ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिच्यामागें एक मोठा इतिहास आहे. १९५९ सालच्या मार्च महिन्यांत ल्हासा शहरांत उठाव झाला. त्या महिन्याच्या १७ तारखेस दलाई लामा यांनीं राजधानी सोडली व ३१ तारखेस ते भारताच्या हद्दींत आले. त्यांच्या मागोमाग हजारों कुटुंबें हिमालय उतरलीं. त्यांतील पुष्कळांनीं प्रथम डोंगरी रस्त्यांवर मजुरी केली. पुढें निरनिराळ्या राज्यांनीं दिलेल्या जमिनींवर त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नोरग्येलिंगची वसाहत १९७२ सालीं बसली. तेव्हां हा भाग भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. सुमारें बारा हजार फूट उंचीवरचें ल्हासा कोठें आणि झाडीपट्टींतला मे महिना कोठें! तरी ते लोक येथें टिकले. त्यांनीं धानाची शेती शिकून घेतली, आणि शेतीचा हंगाम संपला कीं थंडींत गांवोगांव स्वेटर विकण्याचा धंदा धरला.

२०२५ सालीं महाशिवरात्र २६ फेब्रुवारीस आणि लोसार २८ फेब्रुवारीस आला. लोसारच्या तिसऱ्या दिवशीं, म्हणजे २ मार्चला, रविवार होता. त्या दिवशीं हें कुटुंब बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीनें अर्जुनीस उतरलें. स्नेही स्थानकावर उभाच होता. त्यानें प्रथम सर्वांना प्रतापगडास नेलें. तेथें महादेवाचें देऊळ आहे, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. वाटेंत त्यानें गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचें पाणी दाखविलें आणि मग गाडी वसाहतीकडे वळविली.

वसाहतींत शिरतांच मुलीची निराशा झाली. घरें तशींच, अंगणें तशींच, धानाच्या बांध्याही तशाच. ‘‘काका, परदेश कोठें आहे?’’ तिनें विचारलें. स्नेह्यानें उत्तर दिलें नाहीं. फक्त छपराकडे बोट केलें. तेथें दोरीवर ओळीनें रंगीत पताका फडकत होत्या. निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी. निळी आकाशाची, पांढरी वायूची, तांबडी अग्नीची, हिरवी पाण्याची, पिवळी पृथ्वीची; त्यांवर मंत्र छापलेले, आणि वारा ते मंत्र दूरवर नेतो अशी समजूत. आजी पटकन् म्हणाल्या, ‘‘हीं तर आपलीं पंचमहाभूतें!’’

देवळांत जातांना स्नेह्यानें हलक्या आवाजांत सूचना दिल्या. जोडे बाहेर काढावे. मूर्तीकडे पाय पसरून बसूं नये. कोणाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं त्याला विचारावें. प्रार्थनाचक्रें उजव्या हातानें फिरवीत डावीकडून उजवीकडे जावें. ही शेवटची सूचना सांगून संपण्यापूर्वींच आजी त्या दिशेनें चालूं लागल्या होत्या. प्रदक्षिणेची दिशा त्यांना कोणी शिकवावी लागली नाहीं. चक्रांच्या आंत मंत्र लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या असतात. चक्र एकदां फिरलें कीं तितका जप झाला, असें तिबेटी लोक मानतात. धाकट्या मुलानें तीं चक्रें पाटीवरील पाढ्यांपेक्षां सोयीचीं ठरविलीं, आणि एक वृद्ध भिक्षु मनापासून हंसला.

स्नेह्याच्या घरीं पाहुण्यांच्या गळ्यांत पांढरे खाता घालण्यांत आले. देवघरासमोर सातूचे कोवळे अंकुर वाढविलेलें भांडें होतें, नवरात्रांतील घटासारखें. एका लांकडी पेटींत एका बाजूस भाजलेल्या सातूचें पीठ आणि दुसऱ्या बाजूस गहूं. त्यांतील चिमूट घ्यावयाची, हवेंत उधळावयाची, तोंडांत टाकावयाची आणि ‘ताशी देलेक’ म्हणावयाचें. म्हणजे शुभ असो. मग खप्से आले. मुलांनीं ते पाहतांच शंकरपाळे म्हणून ओळखले. मीठ आणि लोणी घातलेला चहा मात्र कोणाच्या ओळखीचा निघाला नाहीं. कारकुनानें तो मोठ्या निर्धारानें संपविला. तेव्हां यजमानांनीं रीतीप्रमाणें पेला पुन्हां भरला. पेला रिकामा दिसूं द्यावयाचा नाहीं, हें स्नेह्यानें सांगावयाचें राहून गेलें होतें.

आजींच्या गळ्यांतील तुळशीची माळ त्याला ठाऊक होती. मांसाचा पदार्थ त्या दिवशीं चुलीवर चढूं नये, असें त्यानें आदल्या रात्रींच घरीं सांगून ठेवलें होतें. सणाच्या दिवशीं स्वतःच्या ताटांतला मुख्य पदार्थ त्या कुटुंबानें पाहुण्यांकरितां बाजूला ठेवला. ही गोष्ट पाहुण्यांना निघावयाच्या वेळीं कळली, आणि तीही दुसऱ्याच कोणाकडून.

स्नेह्याची आई कोपऱ्यांत माळ ओढीत बसली होती. मणि एकशें आठ. आजींनीं आपली माळ काढून शेजारीं धरली. तिचेही एकशें आठ. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, परंतु पुढचा अर्धा तास दोघींपैकीं कोणीही उठली नाहीं. ही बाई लहानपणीं आईबापांबरोबर बर्फांतून चालत आलेली होती. मुलानें दुभाषीपण करून तिच्या आठवणी सांगितल्या. घराचा दरवाजा, याकांचे कळप, आणि रात्रीं चालावयाचें, दिवसा लपावयाचें. याहून अधिक तिला आठवत नव्हतें. अथवा सांगावयाचें नव्हतें.

निघतांना मुलगी आभार मानावयास पुढें झाली आणि मुलांच्या सरळपणानें म्हणाली, ‘‘काका, तुम्हीं आम्हांला तिबेट दाखविला. तुम्हीं आपला तिबेट शेवटचा केव्हां पाहिला?’’

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, ‘‘मी पाहिलाच नाहीं, बेटा. माझा जन्म इथलाच. मला आईनें सांगितला, तोच मी तुला दाखविला.’’

त्या उत्तरामागें कायद्याचा एक पेंच आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतांत जन्मलेली व्यक्ति कायद्यानें जन्मतः भारतीय नागरिक ठरते. तरीही त्या काळांत जन्मलेले अनेक तिबेटी निर्वासिताचें नोंदणीपत्रच बाळगून आहेत. तें परत करणें म्हणजे मायदेशीं परतण्याची आशाच परत करणें, असें त्यांच्यांतील कित्येकांना वाटतें. हिवाळ्यांत तिबेटच्या सरोवरांवरून पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून भारतांतील तळ्यांवर येतात आणि उन्हाळा लागतां लागतां परत जातात. त्यांना कागद लागत नाहींत.

गाडींत मुलगी फारसें बोलली नाहीं. घरीं आल्यावर तिनें नकाशा पुन्हां भिंतीवर टांगला. नेपाळच्या वर, मोठ्या पिंवळ्या पठारावर, तिनें पेन्सिलीनें एक लहान दरवाजा काढला.

हकीकत येथें संपली असती, तर ती एका सहलीची हकीकत ठरली असती. परंतु त्याच पावसाळ्यांत स्नेह्याच्या आईच्या डोळ्यांपुढें धुकें येऊं लागलें आणि शस्त्रक्रियेसाठीं तिला गोंदियास आणावें लागलें. आयुष्यभर वसाहतीबाहेर फारशी न गेलेल्या त्या वृद्धेला गोंदिया शहर हाच परदेश होता. इस्पितळाच्या पायऱ्या, कागदांची घाई, न कळणारी भाषा. तेथें तिचा हात धरून पुढें चालल्या त्या आजी. कारण वर्षापूर्वीं त्या स्वतः त्याच वाटेनें गेल्या होत्या. डोळ्यावर पट्टी असतां बाई आठ दिवस कारकुनाच्या घरीं राहिल्या. चहा त्यांच्या रीतीचा, मिठाचा, होई. आणि त्यांचा पेला रिकामा होऊं नये याची काळजी घरांतील धाकटा मुलगा घेई.

कुटुंबानें नेपाळसाठीं पैसे टाकण्यास पुन्हां आरंभ केला आहे. कोणती गाडी, कोणती धर्मशाळा, काय काय पाहावयाचें, याची चर्चा रात्रीं जेवतांना चालते. मुलें देवळांचीं व शिखरांचीं नांवें घेतात. आजी मात्र दरवेळीं एकच गोष्ट विचारतात, ‘‘तें सारें खरें, पण तेथें आपलें कोण आहे?’’