चराचा ढाळ आणि मातीचा हिशेब



चाकणच्या बाजूस हल्ली ज्या वाटेने जावे त्या वाटेवर कोठे ना कोठे जमीन उकरलेली दिसते. कारखान्याचे जोते, नळाचा चर, रस्त्याचा भराव. आणि त्या प्रत्येकाच्या मुळाशी कोणी तरी कागदावर मांडलेला एक गुणाकार असतो. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व जन्मभर मुलांना अंकगणित शिकविणारा मास्तर आहे. आणि आज जी चूक सांगावयाची ती माझी स्वतःचीच आहे.

काही वर्षांपूर्वी लहानसहान ठेके घेणारा माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. "गुरुजी, शंभर मीटर नळ पुरायचा आहे. रुंदी एक मीटर, खोली तीन. माती किती निघेल?" मी तत्काळ सांगितले, 300 घनमीटर. लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार पाचवीच्या मुलासही यावा! त्याने त्यावरच दर भरला व काम मिळविले. आषाढात एके दुपारी चराची एक बाजू ढासळली आणि एक मजूर कमरेपर्यंत गाडला गेला. सोबत्यांनी हातांनी माती उपसून त्यास बाहेर काढले. तो वाचला.

माझा गुणाकार बरोबर होता. आकृती चुकली होती. मी चराच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या धरल्या होत्या. सुटी माती टोपलीतून ओतली तर तिचा ढीग ठरावीक ढाळावरच स्थिरावतो. खणलेल्या जमिनीची पकड त्याहून अधिक असते खरी, परंतु पाणी मुरले की ती पकड सुटते. म्हणून वैशाखात ताठ उभी राहिलेली बाजू आषाढातही राहील असे समजू नये.

ढाळ सांगण्याची रीत सोपी आहे. एक मीटर उंचीस बाजू जितके मीटर मागे सरते, तो तिचा ढाळ. तळाच्या रुंदीत ढाळ व खोली यांचा गुणाकार मिळवावा, आणि येणाऱ्या बेरजेस खोलीने गुणावे, म्हणजे चराच्या छेदाचे क्षेत्रफळ मिळते. आमच्याच चरास एकास एक ढाळ धरला तर एक अधिक तीन, म्हणजे चार. त्यास तिनाने गुणून बारा. शंभर मीटरांस 1200 घनमीटर! माझ्या उत्तराच्या चौपट.

परंतु सगळ्या खोलीस एकच ढाळ धरणे हीही चूकच. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली काळा खडक असतो. आधी दोन-चार ठिकाणी खड्डे घेऊन थर पाहावेत. समजा, प्रत्येक थर एक मीटर निघाला. खडक उभा धरला, मुरुमास अर्धा व काळ्या मातीस दीड ढाळ दिला, तर शंभर मीटरांत खडक 100, मुरूम 150 आणि काळी माती 350, एकूण 600 घनमीटर होतात. वरचा एकच मीटर अर्ध्याहून अधिक काम खातो, आणि चराचे तोंड पाच मीटर रुंद होते. हे आकडे केवळ उदाहरणाचे. खरा ढाळ जागेवरची माती पाहून, जाणत्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. खडकही सांधे व भेगा पाहूनच उभा धरावा. किवळ्यापाशी संपणाऱ्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर 2015 च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी दगावले, ती दरड खडकाचीच होती.

रस्त्याकडेस पाच मीटर जागा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तेथे फळ्या व आडव्या टेकूंचा आधार द्यावा लागतो. मातीतील चर दीड मीटरहून खोल असेल तर बाजूंना आधार हवा, असे भारतीय मानक 3764 मध्ये सांगितले आहे. मग त्या फळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात आला पाहिजे. ढाळही नाही व फळीही नाही, असा कागद स्वस्त दिसतो, कारण त्यातील तूट चरात उतरणारा मजूर भरून काढतो.

भरावात हाच प्रश्न शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जातो. माथा दहा मीटर व उंची चार मीटर असता दीड ढाळाने तळ 22 मीटर होतो, दोन ढाळाने 26. शंभर मीटरांत 800 घनमीटर, म्हणजे सुमारे 280 ब्रास माती अधिक लागते. जमीन 22 मीटर घेतली आणि पुढे भराव खचू लागला म्हणून ढाळ वाढविला, तर तो पायथा कोणाच्या ज्वारीत जाऊन बसणार?

माझा विद्यार्थी आता तिन्ही थर निरनिराळे मांडून आणतो. मागच्या खेपेस त्याने काळ्या मातीस एकच ढाळ धरला होता; त्या जागी पाणी साचते म्हणून मी तो खोडून दीड केला. तो ठेका त्यास मिळाला नाही. दुसऱ्याने कमी आकड्यात घेतला, आणि परवा मी तेथून गेलो तेव्हा चराच्या दोन्ही बाजू उभ्याच होत्या व आत चार माणसे काम करीत होती. मी काठावरून त्यांच्या मुकादमास हाक मारली. "मास्तर, कागदावर असंच आहे," तो म्हणाला.