एक चलन, अनेक मने

(बोईसर येथे उद्योजक आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



युरोपची आर्थिक दुखणी हा विषय बोईसर-तारापूरला परका नाही. येथील औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल, रंग, रसायने, कापड आणि पोलाद तयार होते. त्यातला काही माल युरोपात जातो. १ जून २००७ रोजी युरोपीय संघाचा ‘रीच’ हा रसायनविषयक कायदा अमलात आला. वर्षाला एक टन वा त्याहून अधिक रसायन तेथे पाठवायचे, तर तेथील आयातदाराने किंवा प्रतिनिधीने त्याची नोंदणी केलीच पाहिजे. हे काम खर्चिक. पण एकदा पार पडले की संघातल्या साऱ्या देशांची दारे उघडतात. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षारंभापासून त्याने स्वतःचा वेगळा ‘रीच’ लागू केला. माल तोच, दप्तरे मात्र दोन! जोडले जाण्याचा लाभ आणि तुटण्याचा भुर्दंड तारापूरच्या कारखानदाराला असा थेट जाणवतो.

युरोप एकत्र येऊ लागला तो दोन महायुद्धांच्या राखेतून. १९५१ साली फ्रान्स, जर्मनी आणि आणखी चार देशांनी आपला कोळसा व पोलाद एका व्यवस्थेखाली आणले. ज्या पोलादाच्या तोफा होतात, तेच सामाईक केले तर युद्ध कसे होणार, हा त्यामागचा विचार. तो फळाला आला. शतकानुशतके लढणारे फ्रेंच आणि जर्मन पुन्हा रणांगणात समोरासमोर आले नाहीत. हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पुढे मात्र क्रम चुकला. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने समान चलनाचा मार्ग आखला. १९९९ मध्ये युरो जन्मला. २००२ मध्ये त्याच्या नोटा लोकांच्या हाती आल्या. चलन एक झाले, चलनाची बँक एक झाली. पण कर आणि अंदाजपत्रक ज्याचे त्याचे राहिले. एका सदस्याचे कर्ज दुसऱ्याने फेडू नये, हेही करारातच लिहिले होते. भावांनी एकत्र चूल मांडायची, पण एकाच्या आजारपणाचा खर्च दुसऱ्याने उचलायचा नाही, असा हा संसार!

तो ग्रीसमध्ये उघडा पडला. २००९ च्या अखेरीस नव्या सरकारने सांगितले की, अर्थसंकल्पातली तूट आजवर दाखवली त्याहून कितीतरी मोठी आहे. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे साहाय्य ठरले, पण कठोर अटींवर. पगार कापले, निवृत्तिवेतने कापली. २०१३ पर्यंत काम मागणाऱ्या चारांमागे एकाहून अधिक बेकार झाला. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के ग्रीकांनी अटी नाकारल्या. बँका बंद होत्या, खात्यातून दिवसाला साठ युरोच मिळत होते. आठवडाभरातच त्यांच्या सरकारला तशाच अटी मान्य कराव्या लागल्या.

भारतावर १९९१ मध्ये असेच संकट आले होते. सोने गहाण पडले. पण रुपया आपला होता. त्याचे अवमूल्यन करून निर्यातीला वाव देता आला, धोरण बदलता आले. ग्रीसजवळ स्वतःचा द्राख्मा उरला नव्हता आणि जर्मन करदाता ग्रीकाला आपला मानत नव्हता. स्वतःचे हत्यार गेले, बंधूचा आधारही मिळाला नाही.

यावर कोणी म्हणेल की, भारतातही भाषा अनेक आणि प्रांतांत श्रीमंत-गरीब भेद आहेतच. मग रुपया कसा टिकला? महाराष्ट्र केंद्राच्या तिजोरीत जेवढी भर घालतो, त्या मानाने त्याच्या वाट्याला कमी येते. वित्त आयोगाच्या सूत्राने मोठा हिस्सा बिहार, उत्तर प्रदेशाकडे जातो. कुरकूर होते, परंतु म्हणून मराठी माणूस भारतातून बाहेर पडण्याची भाषा करीत नाही. कारण काशी आणि गया त्याला परप्रांत वाटत नाहीत. बाजार एक होण्याच्या कितीतरी आधी येथे मने एक होती. वस्तू व सेवा कर आला २०१७ मध्ये. चारधाम त्यापूर्वी शतकानुशतके होते.

१९६५ साली मुंबईतल्या व्याख्यानांत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडताना राष्ट्राच्या ‘चिती’चा, म्हणजे त्याच्या मूळ प्रकृतीचा, विचार सांगितला. युरोपने आपली चिती शोधण्याचे टाळले. प्रस्तावित राज्यघटनेच्या उद्देशिकेत ख्रिस्ती वारशाचा उल्लेख असावा की नसावा, यावरच वाद माजला. आणि २००५ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी ती घटनाच फेटाळली.

पालघरला हे वेगळे समजवावे लागत नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे पाच जणांनी गोळ्या झेलल्या, त्या देशासाठी. याच जिल्ह्यातले जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि संस्थानची प्रजा भारताची नागरिक झाली. चलनासाठी कोणी हुतात्मा होत नाही, मातृभूमीसाठी होतो.

मात्र येथे आत्मसंतुष्ट होऊन चालणार नाही. बंधुभाव गृहीत धरला तर तो आटतो. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या ग्रामस्थांनी घरे सोडली. त्या विजेचा लाभ दूरच्या शहरांनी घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ते देशाच्या व्यापाराला बळ देईल. पण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या मनात आपल्या जाळ्याचे काय होणार, ही धास्ती आहे. त्याला अडथळा मानणे म्हणजे ग्रीसच्या वृद्धाला आकडा मानण्यासारखेच. ज्याने राष्ट्रासाठी सोडले, त्याचे देणे प्रथम चुकते करणे, हे राष्ट्रभावनेचेच काम आहे. तसेच बोईसरच्या चाळीत राहणारा उत्तर भारतीय कामगार आणि वनवासी पाड्यावरून कामाला येणारा तरुण यांत एकमेकांविषयी संशय वाढू न देणे, हेही कार्यकर्त्याचेच काम.

२०२० च्या महामारीत युरोपीय संघाने ७५० अब्ज युरोंच्या निधीसाठी प्रथमच एवढे मोठे कर्ज सामाईकपणे उभारायचे ठरवले. दुःख वाटून घ्यावे लागते, हे युरोप ठेच लागल्यावर शिकतो आहे. भारताला हा धडा वारशातच मिळाला आहे. तो वारसा वस्तीवस्तीत, कारखान्याच्या दारात आणि किनाऱ्यावरच्या गावांत रोजच्या आचरणात दिसावा, एवढीच अपेक्षा.