शितावरून भाताची परीक्षा



आपला जिल्हा धानाचा. तेव्हा शितावरून भाताची परीक्षा कशी होते हे आपणांस आम्ही सांगण्याची गरज नाही. परंतु ही म्हण खरी ठरते ती एका अटीवर, आणि ती अट आपल्या घरच्या स्त्रियांना ठाऊक असते, वर्तमानपत्रांना ठाऊक नसते. भात एकाच पातेल्यातला हवा, आच सगळीकडे सारखी लागलेली हवी. मग एक शीत दाबून पाहिले तरी पुरते. गावाचे तसे नाही. गाव म्हणजे काही एका आधणात शिजलेले पातेले नव्हे.

आजचा विषय आम्ही निवडला त्याला कारण घडले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्रातले एक कात्रण जपून ठेवले होते. अमुक काढ्याने दहांपैकी आठ जणांचा रक्तदाब उतरला, असे संशोधनाने सिद्ध झाल्याचे त्यात छापले होते. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि काढा सुरू केला. तीन महिन्यांनी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आजही उचलत नाही. गोळ्या सोडल्या म्हणूनच झटका आला, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसावरून ते ठरत नाही, आणि तेच तर आज बोलायचे आहे. पण ते कात्रण आम्ही पुन्हा वाचले तेव्हा त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती : काढा न घेतलेल्या दहा जणांचे काय झाले? दाब चढलेला असतो त्याच दिवशी माणूस बहुधा दवाखान्याची पायरी चढतो. पुढच्या खेपेस मोजाल तर पुष्कळांचा दाब काहीसा खाली आलेलाच असतो, काढा घ्या अथवा न घ्या.

तुलना हवी, ती अशी. आता चांगल्या तुलनेचे उदाहरण घेऊ, आणि त्यासाठी फार लांब जावयास नको. आपल्या घाटावरून गेलेले वैनगंगेचे पाणी पुढे गडचिरोलीच्या शिवेवरून वाहते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९९९ च्या डिसेंबरात तो ‘लॅन्सेट’ या इंग्लंडातील वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून तयार केले, त्या घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेत आणि बाळाला जंतुदोष झाला तर इंजेक्शनही देत. दुसऱ्या ४७ गावांत हे काम केले नाही, तेथे फक्त जन्म आणि मृत्यू मोजले.

आरंभी, म्हणजे १९९३ ते ९५ या काळात, पहिल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ होते, दुसऱ्या गावांत ५८. कामाच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हा आकडा २५.५ वर आला. केवळ एवढेच छापले असते तर आम्ही म्हटले असते, बरे झाले. पण पाऊसपाणी चांगले झाले असेल, रस्ता आला असेल. परंतु त्याच वर्षी दुसऱ्या गावांत आकडा ५९.६ होता. पाऊस दोन्हीकडे तोच, जिल्हा तोच. आता ‘रस्ता आला असेल’ म्हणणाऱ्याला तो रस्ता फक्त त्या ३९ गावांतच कसा गेला, हे सांगावे लागेल.

तरी शंका संपत नाहीत, आणि संपू नयेत. गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. मोजणारी संस्था आणि काम करणारी संस्था एकच होती. खेड्यात पहिल्याच दिवशी गेलेले बाळ पुष्कळदा कोणत्याच नोंदीत चढत नाही. तेव्हा मोजणीत ढिलाई झाली का, हे विचारलेच पाहिजे. पण येथे थोडा विचार करा. ज्या गावांत घरोघर जाणारी बाई आहे तेथे लपलेला मृत्यू अधिक सापडायचा, कमी नव्हे. म्हणजे नुसत्या बारकाईचा परिणाम झालाच असता तर तो उलट दिशेने व्हायला हवा होता. शंका घ्यावी ती अशी, ती कोणत्या बाजूला ओढते हे पाहून. ‘आकडे काय, कसेही बनवता येतात’ एवढे म्हणून उठून जाणे म्हणजे शंका नव्हे, तो आळस झाला.

याच निबंधात आणखी एक आकडा आहे. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होते, ते नंतर २.८ टक्के झाले. हा आकडा ऐकायला अधिक मोठा वाटतो, पण आमच्या मते तो पहिल्यापेक्षा दुबळा. तो आधी आणि नंतर यांची तुलना करतो, येथे आणि तेथे यांची करीत नाही. एकाच निबंधातले सगळे आकडे सारख्या वजनाचे नसतात. आपल्या जगन्नाथ टेकडीचे उत्खनन १९६९-७० साली झाले. सापडलेली वस्तू कोणत्या थरातली, यावरच तिचे मोल ठरते. आकड्यालाही थर असतो.

आता ‘सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण’ हा जो शब्दप्रयोग वाचण्यात येतो, त्याचा अर्थ. गडचिरोलीच्या निबंधात त्यासाठी ‘एक हजारांशापेक्षा कमी’ असा आकडा दिला आहे. त्याचा अर्थ असा : समजा, या कामाचा काहीच उपयोग होत नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारांत एकापेक्षाही कमी. निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता हजारांत एक, असा त्याचा अर्थ नव्हे. पुष्कळ शिकलेली माणसेसुद्धा येथे घसरतात. मोजणीच चुकली असेल तर त्या हजारांशाला काडीची किंमत नाही.

सामान्यतः विसांत एक ही मर्यादा शास्त्रज्ञ मानतात. परंतु वीस निरुपयोगी औषधे तपासली तर त्यांतले एखादे केवळ दैवयोगाने ही मर्यादा ओलांडण्याची शक्यता बरीच असते. छापून येते ते तेवढेच. उरलेली एकोणीस कपाटात राहतात.

हे पटत नसेल तर पुण्याचा प्रयोग ऐका. डॉ. जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या, यातले कोण कोणते ते सांगा म्हणून. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी बरोबर उत्तरे सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० आली असती. एका संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली. व्यक्तींमध्ये सर्वांत वरचा गुण ४० पैकी २४.

आता समजा, त्या २४ वाल्या एकट्याचीच बातमी छापली असती : ‘ज्योतिषाची साठ टक्के उत्तरे अचूक!’ आकडा खराच. पण आम्ही हिशेब करून पाहिला. नुसते नाणे उडवणाऱ्या २७ माणसांत तीन-चार जण सहज २४ किंवा अधिक गुण मिळवून जातात. म्हणून यशस्वी माणूस दाखवला की आम्ही आधी विचारतो, रांगेत किती उभे होते? त्या काढ्याचेही तेच. दहांपैकी आठ किंवा अधिक छापे नुसते नाणे उडवून शंभरांत पाच-सहा वेळा पडतात.

संख्या मोठी असली म्हणजे निर्धास्त व्हावे काय? नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी हे पिकावरच दाखवले. उभ्या पिकात चौकट आखायची, तेवढे कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या मुलखाचे उत्पन्न काढायचे, ही रीत आपण धानकापणीच्या वेळी पाहिली असेल. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा भर लहान लहान चौकटींवर होता. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, लहान चौकटीत उत्पन्न फुगते. कारण ऐका, किती साधे आहे. काठावरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. एक मीटर लांब-रुंद चौकटीला एका चौरस मीटरमागे चार मीटर काठ येतो. दहा बाय पाचच्या चौकटीला साठ सेंटिमीटर. म्हणून लहान चौकटीत ही चूक अधिक शिरते, आणि अशा दहा हजार चौकटी कापल्या तरी ती निघून जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला पडते. योगायोगाची चूक संख्या वाढवून विरते, कललेल्या हाताची विरत नाही.

मग गडचिरोलीचे काय ठरले? तेच, जे एका निबंधावरून ठरत नाही. महाराष्ट्रात सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी ते काम करून पाहिले. बांगलादेशात सिल्हेट भागात चिठ्ठ्या टाकून गट वाटले. त्याचा निबंध २००८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला. जेथे कार्यकर्ती घरी जात होती तेथे शेवटच्या सहा महिन्यांत नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी दिसले. जेथे नुसत्या गावसभा घेऊन माहिती दिली तेथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गडचिरोलीत ६२ टक्के, येथे ३४. कोणी म्हणेल, निम्म्यावर आले. आम्ही म्हणतो, परक्या मुलखात, परक्या हातांनी, चिठ्ठ्या टाकूनही उरले ते ३४, आणि आम्ही पहिल्या आकड्यापेक्षा या दुसऱ्यावर अधिक विसंबू.

२०११ पासून हे काम देशभर आशाताईंकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर घरी सहा भेटी, घरीच झाले तर सात. पहिली जन्माच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या गल्लीतल्या बाळाकडे त्या किती वेळा आल्या, हे मोजायला मात्र ‘लॅन्सेट’ लागत नाही.